कुलपातील आकडे आणि विद्यार्थ्याचे शुल्क



फेब्रुवारी २०११ मधील गोष्ट आहे. देशाची पंधरावी जनगणना चालू होती आणि एका तालुक्यातील त्या कामाची देखरेख माझ्याकडे होती. प्रगणक म्हणून नेमलेल्या एका प्राथमिक शिक्षकांबरोबर मी एका वस्तीवर गेलो. एका घरात पन्नाशीच्या आसपासची एक बाई सगळ्या प्रश्नांची उत्तरे भराभर देत होती. पण ‘एकूण मुले किती झाली आणि आज हयात किती’ या प्रश्नापाशी ती थांबली. थोड्या वेळाने म्हणाली, “चार झाली, दोन आहेत.” मग माझ्याकडे वळून तिने विचारले, “साहेब, हे लिहून नेता, ते वाचणार कोण?”

मी म्हटले, “मावशी, तुमच्या नावासकट हे कुणालाही दाखवले जाणार नाही. तसा कायदा आहे.”

मी खोटे बोललो नव्हतो. १९४८ च्या जनगणना कायद्यातील पंधरावे कलम तसेच आहे. जनगणनेत भरलेली नोंद पाहण्याचा हक्क कुणासही नाही आणि सामान्यतः ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. बाईचे समाधान झाले. माझे मात्र पुरते झाले नाही; कारण तिच्या प्रश्नाचा दुसरा अर्थ मला परतीच्या वाटेवर जाणवला. कुणी वाचणारच नसेल, तर हे विचारता तरी कशाला?

आजच्या भाषणाचा विषय या दोन अर्थांच्या मधला आहे. सरकारजवळ आणि मोठ्या संस्थांजवळ माणसांविषयीची अशी पुष्कळ माहिती असते, जी उघड करता येत नाही, पण अभ्यासावाचून पडू देणेही योग्य नाही. त्यासाठी जगात काही ठिकाणी बंदिस्त संशोधन-केंद्रे उभी राहिली आहेत. त्या केंद्रांत प्रवेश कुणाला मिळावा, त्याचे शुल्क कुणी भरावे आणि ज्याच्याजवळ पैसा नाही अशा विद्यार्थ्याने काय करावे, हे प्रश्न वरवर कारकुनी वाटतात. ते तसे नाहीत.

प्रथम कोणी असे विचारील की, नावे खोडून टाकली आणि कागद खुले केले, तर काय बिघडले? याचे उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९० नंतरच्या दशकात मिळाले. तेथे सरकारी नोकरांच्या रुग्णालयातील नोंदी नावे काढून संशोधकांना देण्यात आल्या होत्या. लतान्या स्वीनी या त्या वेळी विद्यार्थिनी होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी वीस डॉलरना विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. राज्याच्या गव्हर्नरांची जन्मतारीख असलेले शहरात सहाच जण निघाले; त्यांत पुरुष तीन; आणि त्यांच्या टपाल-विभागात राहणारा एकच. गव्हर्नरांच्या आजारपणाचा कागद असा बिनबोभाट सापडला. नाव खोडले म्हणजे माणूस लपतो, ही समजूत त्या दिवशी संपली.

दुसरा धडा याहून कडू आहे. १९४२ साली युद्धाच्या धामधुमीत अमेरिकेत एक कायदा झाला आणि जनगणनेच्या गुप्ततेची अट काही काळापुरती शिथिल करण्यात आली. जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना घरांतून उठवून छावण्यांत ठेवण्यात आले; त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. ते कोणत्या भागात किती राहतात, हे दाखविणारे तक्ते १९४० च्या जनगणनेवरून तयार झाले होते. विल्यम सेल्त्झर आणि मार्गो अँडरसन या दोन अभ्यासकांनी पुढे २००० साली आणि त्यानंतर हा इतिहास कागदपत्रांनिशी मांडला. विश्वासाने दिलेली माहिती देणाऱ्यावरच उलटू शकते, याचे याहून ठळक उदाहरण सांगता येणार नाही.

म्हणून कुलूप हवे, हे मान्य करूनच पुढे जावयाचे. त्याच अमेरिकेने ते कसे घातले, हे पाहण्यासारखे आहे. तेथील जनगणना खात्याने १९८२ साली अर्थशास्त्रीय अभ्यासाचे एक केंद्र काढले आणि १९९४ साली बॉस्टनमध्ये मुख्यालयाबाहेरचे पहिले संशोधन-दालन उघडले. आज देशभर अशी तीसहून अधिक दालने आहेत, आणि ती बहुधा विद्यापीठांच्या आश्रयाने चालतात. तेथे प्रवेश मिळवावयाचा, तर आधी संशोधनाचा प्रस्ताव मंजूर व्हावा लागतो. मग पार्श्वभूमीची चौकशी होते आणि गुप्ततेची शपथ घ्यावी लागते. ही शपथ जन्मभराची असते. मोडली तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. दालनातील संगणकावर आकडे दिसतात, पण ते तेथे साठविलेले नसतात. अभ्यासाचा निष्कर्ष बाहेर न्यावयाचा, तर त्यातून कुणा एका माणसाची किंवा एका कारखान्याची ओळख पटत नाही ना, हे अधिकारी तपासून पाहतात आणि मगच तो कागद बाहेर पडतो.

आता हे सारे फुकट होत नाही, हे उघड आहे. दालन, त्याचा रखवालदार अधिकारी, प्रत्येक कागदाची तपासणी, आणि दप्तरी नोंदी अभ्यासायोग्य करून ठेवण्याचे काम, या सगळ्यांस पैसा लागतो. तेथील रीत अशी की, काही विद्यापीठे एकत्र येऊन दालनाची वर्गणी भरतात. त्या विद्यापीठांतील प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना सहसा वेगळे शुल्क पडत नाही. बाहेरच्या संशोधकास मात्र वर्षाकाठी हजारो डॉलर मोजावे लागू शकतात. काही ठिकाणी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना त्यात सवलत मिळते. शिवाय परदेशी विद्यार्थ्यास आणखी एक अट आहे : गेल्या पाच वर्षांपैकी तीन वर्षे त्याचे वास्तव्य अमेरिकेत झालेले असावे लागते. इंदूरहून किंवा नागपूरहून नुकताच तेथे गेलेला आपला मुलगा या दारापाशी पैशाच्या आधी काळानेच अडतो.

या व्यवस्थेने काय साधले, हेही सांगितले पाहिजे. दिल्लीत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी यांनी सहकाऱ्यांसह जनगणनेच्या आणि प्राप्तिकराच्या नोंदी एकत्र अभ्यासल्या. सुमारे दोन कोटी मुलांच्या आयुष्याचा माग काढून, कोणत्या वस्तीत वाढलेले गरिबाचे मूल पुढे वर येते आणि कोणत्या वस्तीतले मागेच राहते, याचा नकाशा त्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. त्यात एकाही मुलाचे नाव कुणास कळले नाही. शेजारच्या दोन वस्त्यांत संधीचे केवढे अंतर असू शकते, हे मात्र सर्वांस कळले. या कामात पदवी घेतलेले तरुण पगारी अधिछात्र म्हणून राबत असतात. एरवी ज्या दारापर्यंत ते पोहोचले नसते, त्या दारातून अधिछात्रवृत्ती त्यांना आत नेते.

येथे मला आपल्याकडची एक हकिकत सांगावीशी वाटते. माझ्या परिचयाच्या एका विद्यार्थिनीस बालमृत्यूंवर संशोधन करावयाचे होते. ती तालुक्याच्या महाविद्यालयातून शिकून आलेली, हुशार आणि चिकाटीची मुलगी. तिला हवी असलेली तपशीलवार माहिती एका संस्थेत होती आणि ती तेथेच बसून पाहावी लागणार होती. तिला विचारलेले शुल्क तिच्या कित्येक महिन्यांच्या शिष्यवृत्तीइतके होते. शुल्काची कशीबशी जुळवाजुळव झाली, तोवर अर्जाच्या मंजुरीत बरेच महिने गेले होते, आणि शिष्यवृत्तीची मुदत मात्र पहिल्या दिवसापासून मोजली जात होती. शेवटी तिने विषय बदलला. मी तिला धीर देऊ लागलो, तेव्हा ती म्हणाली, “काका, माझा प्रश्न कुणी चुकीचा ठरवला असता, तर मला वाईट वाटले नसते. तो कुणी वाचलाच नाही.”

मी स्वतः सरकारी नोकर आहे. फायलीला लागणारा वेळ मला परका नाही, आणि त्याची कारणेही मी सांगू शकतो. पण त्या दिवशी मला एकही कारण सांगवेना.

यावर काही मंडळी म्हणतात की, शुल्क ठेवले नाही तर हौशागवशांची गर्दी होईल. शुल्क ही चाळणी आहे. चाळणी हवी, याबद्दल वाद नाही. पण चाळणीने काय चाळावयाचे, हे ठरविले पाहिजे. प्रस्तावाची परीक्षा विचार चाळते. शुल्क फक्त खिसा चाळते. श्रीमंत संस्थेतील आळशी प्रश्न त्यातून आत जातो आणि गरीब विद्यार्थ्याचा मोलाचा प्रश्न बाहेर राहतो. याचा तोटा त्या विद्यार्थ्यापुरता राहत नाही. मोजक्या लोकांनाच आकडे पाहता येऊ लागले, म्हणजे त्यांच्या निष्कर्षांची फेरतपासणी कुणी करावयाची? चूक झाली तर ती कुलपाआडच राहते.

उलट बाजूनेही सावध राहिले पाहिजे. शुल्क रद्द करा, एवढे म्हणून भागणार नाही. शुल्क गेले आणि त्याची भरपाई कुणीच केली नाही, तर काटकसर प्रथम तपासणीच्या कामात होईल आणि त्या वस्तीवरच्या बाईला दिलेला शब्द मोडेल. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त संशोधकांना राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या सुरक्षित दालनातील आकडे विनामूल्य अभ्यासता येतात. पण त्यासाठी प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि खर्चाचा भार सार्वजनिक पैशातून उचलला जातो. खर्च कुणीतरी करतोच. तो विद्यार्थ्याने करू नये, एवढेच म्हणणे आहे.

आपल्या देशाची परंपरा या बाबतीत दरिद्री नाही. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. त्या पाहणीचे नावे वगळलेले घरनिहाय आकडे आज नाव नोंदवून विनामूल्य मिळतात, आणि अलीबागचा विद्यार्थी व हार्वर्डचा प्राध्यापक तेथे एकाच पायरीवर उभे असतात. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानेही संशोधनासाठी आणि सांख्यिकीसाठी काही अटींवर वाट मोकळी ठेवली आहे. पण जी माहिती अधिक बारीक आणि अधिक नाजूक आहे, तिच्यासाठी सुरक्षित दालने वाढवावी लागतील. ती उभारतानाच काही गोष्टी ठरवून घ्याव्यात, असे मला सुचवावेसे वाटते.

पहिली गोष्ट, आकड्यांवर व्यापार करणाऱ्यांकडून पूर्ण शुल्क घ्यावे, विद्यापीठांकडून ऐपतीप्रमाणे वर्गणी घ्यावी आणि पदवीच्या अभ्यासासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याकडून काहीही घेऊ नये. दुसरी, अधिछात्रवृत्तीत प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च धरावा. कारण गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला मुंबईचे अंतर हेही एक शुल्कच आहे. तिसरी, त्या वृत्तीची मुदत अर्जाच्या दिवसापासून न मोजता दालनात पाऊल ठेवल्यापासून मोजावी. चौथी, नकार द्यावयाचा असेल तर तो ठराविक मुदतीत आणि कारणासह द्यावा. या चारही गोष्टींत गुप्ततेचा एक टाकाही उसवत नाही.

ती बाई मला पुन्हा भेटली नाही. पण तिने सांगितलेले दोन आकडे, चार आणि दोन, माझ्या मनातून गेलेले नाहीत. त्यांच्या मधले अंतर म्हणजे तिची दोन मुले. ती कशाने गेली, शेजारच्या गावात तशी किती गेली आणि पुढची कशी वाचतील, हे शोधणारा कुणी असेल, तरच तिला तो प्रश्न विचारण्याचा आम्हांस अधिकार होता. मी तिला एक शब्द दिला होता, की हे कुणालाही दाखवणार नाही. न बोललेला दुसराही एक शब्द त्यात होता, की हे वाया जाणार नाही. पहिला शब्द कुलपाने पाळता येतो. दुसरा पाळण्यासाठी माझ्या परिचयातल्या त्या मुलीला आत येऊ दिले पाहिजे.