एकदाच लिहू, पण पक्कं लिहू

परिषदेसाठी दुरून आलेल्या अभियंता व प्रोग्रामर मित्रमैत्रिणींनो,

कापसाच्या या गावात तुमचं मनापासून स्वागत. आदिलाबाद १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतं, मग आंध्र प्रदेशात आणि २०१४पासून तेलंगणात आहे. राज्यं बदलली, मराठी, तेलुगू आणि गोंडी मात्र इथंच नांदत राहिल्या.

प्रणालींचं वर्तन मांडणाऱ्या, पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या कोड-लायब्ररी हा आपला विषय. त्याचं उदाहरण आमच्या उंबऱ्यावरच आहे. उत्तरेला पैनगंगा, पलीकडे महाराष्ट्रातला यवतमाळ जिल्हा. या नदीवरच्या चनाखा-कोरटा बॅरेजसाठी दोन्ही राज्यांनी ऑगस्ट २०१६मध्ये करार केला. आता समजा, नदीचं मॉडेल दोन्ही तीरांवर वेगवेगळं लिहिलं गेलं. एकानं विसर्ग क्युसेकमध्ये धरला, दुसऱ्यानं घनमीटर प्रतिसेकंदात. दोन्ही प्रोग्राम आपापल्या जागी बरोबर. पण एकमेकांना जोडले, की पुराचा आकडा पस्तीस पटींनी चुकणार.

चांगली लायब्ररी हा घोळ मुळातच होऊ देत नाही. तिच्यात जलाशय हा एक घटक : आलेलं पाणी वजा गेलेलं पाणी म्हणजे साठ्यातला फरक. दरवाजा हा दुसरा घटक. प्रत्येकाच्या जोडणीवर एकक नोंदलेलं, आणि सांध्यावर येणं-जाणं जुळलंच पाहिजे हा नियम भाषेतच बसवलेला. १९९७ साली पुढे आलेल्या मॉडेलिका भाषेनं ही शिस्त रुजवली. तिची प्रमाण लायब्ररी सर्वांना खुली आहे. मुंबई आयआयटीचा फॉसी प्रकल्प या भाषेसाठीच्या ओपनमॉडेलिका सॉफ्टवेअरचा प्रसार करतो, तोही विनामूल्य.

मात्र कोड खुला केला म्हणजे तो वापरण्याजोगा झाला, असं नाही. दरवाजातून पाणी मोकळं पडतं तेव्हाचं सूत्र, खालची पातळी चढून दरवाजा बुडाला की लागू पडत नाही. ही मर्यादा लिहून ठेवली नसेल, तर ऐन पुरात मॉडेल चुकीचं उत्तर देईल आणि तेही ठामपणे. म्हणून घटकासोबत त्याचं एकक, मर्यादा आणि चाचणी द्यायलाच हवी.

तेव्हा एकच विनंती. निबंध वाचून परत जाऊ नका. आपल्या संगणकात पडून असलेला एक तरी घटक या तिन्ही गोष्टींसह सर्वांसाठी खुला करून जा. आमच्या व्यवस्थेत काही उणं राहिलं तर सांभाळून घ्या. राहून गेलेली चाचणी मात्र कुणाचीही सांभाळून घेऊ नका.