कर्णकंडू : घरगुती समज आणि शास्त्र



कानाला खाज सुटली की घरोघरी उपाय ठरलेला असतो : लसूण घालून कढवलेले तेल कोमट करून कानात सोडायचे. तेवढ्याने भागले नाही, तर केसांतील पिन किंवा आगकाडी हाती येते. हाच आयुर्वेद, असा पुष्कळांचा समज आहे. ग्रंथ मात्र निराळे सांगतात.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, २०व्या अध्यायात, कानाचे २८ रोग वर्णिले आहेत. त्यांत कर्णकंडू हा स्वतंत्र रोग असून, कानात साचलेला कफ हे त्याचे कारण सांगितले आहे. २१व्या अध्यायात त्याची चिकित्सा येते : नळीने दिलेला वाफेचा शेक, वमन, धूम, शिरोविरेचन आणि एकंदर कफनाशक उपचार. तेलाने कान भरण्याचा उल्लेख तेथे नाही. चरकाचार्यांनी दिनचर्येत कानात तेल घालण्यास सांगितले, ते वातामुळे होणारे कर्णरोग टळावेत म्हणून. कफ मुळातच स्निग्ध. त्यावर पुन्हा स्नेह ओतून तो कसा शमावा?

वाग्भटांनी तर कर्णरोगांच्या कारणांत पडसे आणि जलक्रीडा यांच्या जोडीला कान खाजवणे हेही गणले आहे. म्हणजे ज्या काडीला आपण उपाय मानतो, तीच रोगाचे कारण ठरते!

आजचे वैद्यकही येथे फारसे दूर नाही. दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, कानात बुरशी वाढते व खाज सुटते. अशा कानात तेल घातल्याने ओलावा टिकून राहतो. पडद्याला छिद्र असेल तर धोका अधिकच. म्हणून स्नानानंतर बाहेरचा कान मऊ कापडाने कोरडा करावा, आत काहीही घालू नये आणि पडशाची हयगय करू नये. वमन, नस्य आदी कर्मे तज्ज्ञ वैद्यांच्या देखरेखीखालीच करावीत. कान वाहू लागला, ठणकू लागला, ऐकू कमी येऊ लागले किंवा रोगी मधुमेही असेल, तर विनाविलंब कर्णतज्ज्ञाकडे जावे.

आयुर्वेदाचे एक संपूर्ण अंग, शालाक्यतंत्र, नेत्र, कर्ण, नासिका आदी अवयवांच्या रोगांना वाहिलेले आहे. दोष कोणता, हे ठरवून मगच औषध देण्याची ही परंपरा आहे. तिचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आधी तिचा अभ्यास केला पाहिजे. ऐकीव उपायांना शास्त्राचे नाव देण्याने शास्त्राची अप्रतिष्ठा होते आणि त्याचे मोल घरातल्या लेकराच्या कानाला चुकवावे लागते.