शेगडी घ्या, पण ताटं मोजून



घरी कोळशावर भाजायची हौस आपल्या उपनगरांत पुन्हा आली आहे, आणि मला तिचा मनापासून आनंद आहे. अंधेरीत, बोरिवलीत, मुलुंडला, घाटकोपरला ज्यांच्याकडे थोडी मोकळी गच्ची आहे ते आता सिरॅमिकच्या शेगडीची चौकशी करतात. जाड भिंतींची, अंड्यासारखी गोल, वर जड झाकण, खाली हवेचं दार आणि डोक्यावर हवेची चकती. तुम्ही पाहिलीच असेल. मूळ जपानी घाटाची ही शेगडी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी आपल्या देशात नेली. 1974 साली अटलांटाच्या एड फिशर यांनी ‘बिग ग्रीन एग’ या नावाने तिचा धंदा सुरू केला आणि तिथून ती जगभर गेली. रंग कोणता, कंपनी कोणती, हे तुम्ही दुकानात बघा. मला बोलायचं आहे ते मापाबद्दल, आणि ते आधीच सांगून टाकते : रोज घरात किती ताटं मांडता, त्यावरून शेगडीचं माप घ्या. पाहुण्यांवरून घेऊ नका.

हे मी पुन्हा सांगणार आहे. कारण दुकानात उभं राहिलं की हेच नेमकं विसरायला होतं.

एके काळी मुंबईतल्या बायकांना कोळशाचं माप पाठ होतं. चाळीच्या गॅलरीत दोन शेगड्या असायच्या. चहाला, दुधाला, पापड भाजायला लहान. आंघोळीचं पाणी आणि सणाचं पुरण शिजवायला मोठी. चहासाठी कुणी मोठी शेगडी पेटवली तर सासूबाई गप्प बसत नसत. वखारीतून आणलेला लोणारी कोळसा महिनाभर पुरवायचा असे, म्हणून निखारे विझवून, राखेतून निवडून दुसऱ्या दिवशी वापरले जात. 1955 साली बर्मा-शेलने मुंबईत सिलिंडरचा गॅस आणला. 1995 साली महानगर गॅसची स्थापना झाली आणि पुढे घराघरांत नळानेच गॅस येऊ लागला. स्वयंपाक सोपा झाला, फार चांगलं झालं. पण केवढ्या विस्तवावर किती माणसांचं होतं, हा अंदाज मात्र आपल्या हातून गेला. म्हणून आज दुकानात गेलेला माणूस शेगडीकडे बघून म्हणतो, “मोठीच घेऊ, असू दे. उद्या लागेल.”

‘उद्या लागेल’ हे आपल्या घरांत फार जुनं आहे. जूनमध्ये मुलाला शाळेचा युनिफॉर्म घेताना आई काय म्हणते? वाढत्या अंगाचा द्या. शर्टाच्या बाह्या दोनदा दुमडायच्या, पँटची पट्टी आत शिवायची, आणि पोरगं तिसरीतून पाचवीत जाईपर्यंत तोच युनिफॉर्म चालवायचा. त्यात शहाणपण आहे, कारण मूल वाढतं. शेगडीचं तसं नाही. तिची बाही दुमडता येत नाही, पट्टी आत घालता येत नाही, आणि मुख्य म्हणजे तुमचं घर वाढत नाहीये. आज तुम्ही चौघं आहात. पाच वर्षांनी मुलगी शिकायला पुण्याला जाईल, मुलगा नोकरीसाठी बंगळूरला. घर दोघांचं होईल आणि शेगडी आठजणांची उरेल. वाढत्या अंगाचं घ्यायचं ते अंग वाढत असेल तरच!

आता थोडा हिशेब, तो घाईत निसटतो म्हणून सावकाश सांगते. या शेगड्या जाळीच्या व्यासावरून ओळखल्या जातात. सर्वांत लहान 10 इंचांची, म्हणजे 25 सेंटिमीटर. मग 13 इंच, म्हणजे 33 सेंटिमीटर. मग 15. मग सगळीकडे खपते ती 18 इंचांची, 46 सेंटिमीटर. त्यावर 24 इंच, 61 सेंटिमीटर. ऐकताना वाटतं, 13 आणि 18 यांत फरक केवढा? पाच इंच! पण भाजायची जागा वर्तुळाची असते. 33 सेंटिमीटरच्या जाळीवर साधारण 850 चौरस सेंटिमीटर जागा मिळते, 46 च्या जाळीवर 1,660. जवळजवळ दुप्पट. आणि 24 इंचांवर गेलात तर 2,900, म्हणजे तिपटीहून अधिक. व्यास पाच इंचांनी वाढला की काम दुप्पट, आणि तापवायची भिंतही त्याच मानाने वाढते.

तापवायची भिंत म्हणाले, ते महत्त्वाचं आहे. लोखंडी शेगडीत निखारे थेट पदार्थाला भाजतात. सिरॅमिकच्या शेगडीत आधी ती अख्खी जाड भिंत उष्णता पिते आणि मग ती सगळ्या बाजूंनी सोडते. म्हणून त्यात कोंबडी आतून रसाळ राहते, वांगं सगळीकडून सारखं भाजतं. पण शेगडी मोठी असली तर आधी ती तापणार आणि मग तुमचं पापलेट. दोन माणसांच्या दोन वांग्यांसाठी मोठी शेगडी पेटवली तर बराचसा कोळसा भिंत तापवण्यातच जातो. कोळसा कमी घालावा, तर मोठ्या तळात चार निखारे एका कोपऱ्यात पडून राहतात, जाळी त्यांच्यापासून लांब राहते, आणि वांगं एका अंगाला जळतं, दुसऱ्या अंगाला कच्चं. शिवाय मोठी शेगडी एकदा जास्त तापली की हवेची दारं बंद करूनही लवकर उतरत नाही. मंद आचेवर काही लावायचं असेल तर ताटकळत बसावं लागतं.

रायगडाकडे थंडीत पोपटी लावतात, ती आठवा. वालाच्या शेंगा, अंडी, कुणी कोंबडी, भांबुर्ड्याचा पाला. मडकं गळ्यापर्यंत ठासून भरतात, उपडं करतात आणि भोवती जाळ करतात. मंडळी किती आहेत ते पाहून मडकं निवडतात. दहाजणांसाठी तीसजणांचं मडकं कुणी आणत नाही.

आत्ता ज्यांनी रेडिओ लावला असेल त्यांच्यासाठी पुन्हा सांगते : रोजची ताटं मोजा, पाहुणे मोजू नका.

मग घरी माप कसं घ्यायचं? कालचा पेपर घ्या. दोऱ्याला पेन्सिल बांधून 33 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आखा आणि कापा. दुसरं 46 सेंटिमीटरचं. दोन्ही कागद ओट्यावर ठेवा. आता बाजारातून आणलेलं खरं सामान त्यावर मांडा. वीतभर लांबीची दोन पापलेटं एकाचं डोकं दुसऱ्याच्या शेपटीकडे ठेवलीत की लहान कागदावर बसतात. भरिताची चार वांगी बसतात. मक्याची पाच-सहा कणसं बसतात. एक अख्खी कोंबडी बसते. कडेला दोन बोटं जागा सोडा, कारण झाकण घुमटासारखं उतरतं आणि कडेची उंची कमी असते. कढई ठेवणार असाल तर कानांसकट मोजा. नुसती तोंडाशी मोजलेली कढई कानांमुळे झाकणाला अडते, आणि हे घरी आणल्यावर कळून उपयोग नाही. चौघांच्या घराला हा लहान कागद पुरतो. दोन खेपांत भाजा. पहिली खेप गरम गरम ताटात जाते, तोवर दुसरी तयार होते.

लहान म्हणजे अगदी खेळण्यातली घ्या, असं मी म्हणत नाही. 10 इंचांची शेगडी दोन माणसांना कणसं-पापड भाजायला ठीक आहे. तिच्यात कोळसा मावतो थोडा, आणि आचेच्या आड सिरॅमिकची ताटली ठेवून सावकाश काही शिजवावं तर जागा उरत नाही. आणि ज्यांना मोठी खरोखर लागते अशीही घरं आहेत. गोराई-मनोरीला किंवा मरोळच्या गावठाणात ज्यांना अंगण आहे, दर रविवारी दहा माणसं जेवतात, त्यांनी 18 इंचांची जरूर घ्यावी. वेसाव्याच्या कोळीवाड्यात एकेका घराचा गोतावळा एवढा असतो की तिथे लहान शेगडी घेणं वेडेपणाच होईल. त्यांची रोजची ताटंच तेवढी आहेत. माझा नियम तिथेही तोच राहतो.

आता मापाचा आणि जिवाचा संबंध. इथे जरा रागवून बोलते, माफ करा. 13 इंचांची शेगडी सुमारे 35 किलो भरते. दोन माणसं ती गार असताना उचलून लिफ्टने गच्चीवर नेऊ शकतात. 18 इंचांची 70 किलोंच्या वर जाते, 24 इंचांची 100 किलोंच्या आसपास. ती एकदा घरात आली की जिथे ठेवली तिथेच राहते. आणि कुठे ठेवतात? बाल्कनीत. आपल्या बाल्कन्या कशा आहेत ते तुम्हाला माहीत आहे : सरकत्या काचा लावून हॉलमध्ये घेतलेल्या, वर वाळत घातलेले कपडे, बाजूला एसीचं यंत्र. ती उघडी जागा नव्हे, ती खोली आहे. कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. धूर दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. धूर संपून निखारे लाल झाले तरी वायू निघतच असतो. काच सरकवून चार बोटं फट ठेवणं पुरेसं नाही. शेगडी डोक्यावर आभाळ असेल तिथेच पेटवायची. म्हणून म्हणते, जी गच्चीवर नेता येते ती घ्या.

गच्ची सोसायटीची असते, तेव्हा कमिटीला विचारून, लेखी परवानगी घेऊन न्या. इमारत जुनी असेल तर आणखी जपा. तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम 353-ब खाली संरचनेची तपासणी करून घ्यावी लागते. तो अहवाल सेक्रेटरींकडे असतो. बाल्कनीच्या सळ्या गंजल्या आहेत असं त्यात लिहिलेलं असताना तिच्या टोकाला 100 किलोंचं ओझं ठेवू नका.

वरच्या मजल्यावर कुणी म्हातारं माणूस, दम्याचं मूल राहतं, त्याचाही विचार हवा. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रश्नावर सुनावणी करताना लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि हॉटेलांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तो आदेश व्यवसायांसाठी होता. पण हवा सगळ्यांची एकच आहे. घरी हौसेला कोळसा जाळायचाच तर लागेल तेवढाच जाळावा. लहान शेगडीत तो आपोआप कमी लागतो, आणि भाजून झाल्यावर वरची-खालची दारं घट्ट बंद केलीत की उरलेला कोळसा विझतो आणि पुढच्या वेळी कामी येतो.

पावसाळ्याचं सांगायचं राहत होतं. जून ते सप्टेंबर शेगडी गच्चीवर उघडी ठेवू नका. ओल आत शिरते, जाळीवर बुरशी धरते, किनाऱ्याच्या बाजूला लोखंडी पट्टे गंजतात. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा पेटवाल तेव्हा थोड्या निखाऱ्यांवर सावकाश वाळवा, एकदम भडका दिलात तर भिंत तडकू शकते. लहान शेगडी चार महिने घरात कोपऱ्यात मावते, हे तिच्या बाजूने आणखी एक. पेटवायला रॉकेल कधीच वापरू नका, सिरॅमिक वास धरून ठेवतं आणि तो पुढे प्रत्येक माशाला लागतो. गॅसवर चार कोळसे लाल करून चिमट्याने घाला. आणि झाकण एकदम उघडू नका. आधी दोन बोटं उचला, हवा आत जाऊ द्या, मग पूर्ण उघडा. नाहीतर कोंडलेल्या आगीला एकदम हवा मिळते आणि ज्वाळा तोंडावर येते.

कोळसा कोणत्या लाकडाचा घ्यावा, मोठे तुकडे की चुरा, बाभळीचा किती वेळ... काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होते आहे, तेव्हा ते राहू दे.

जाता जाता तेच. दुकानात जाण्याआधी कागद कापा, ओट्यावर मांडून बघा, गच्चीची परवानगी विचारा. दिवाळीला वीस पाहुणे येणार असतील तर त्या दिवशी गॅस आहेच. चौघांच्या घराला 33 सेंटिमीटरची शेगडी पुरते. दुकानदाराने कितीही समजावलं तरी तेवढीच घ्या.