बहुश्रुत
(दुर्गाबाई भागवतांच्या व्यासंगातील श्रवण या विषयावरील व्याख्यान)



आपल्या भाषेत विद्वान माणसाला ‘बहुश्रुत’ म्हणतात. पुष्कळ वाचलेला असे न म्हणता पुष्कळ ऐकलेला असे म्हणणारा हा शब्द आहे. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाचे, आणि समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाचा आरंभ श्रवणभक्तीनेच केला आहे. देवळाच्या सभामंडपात पिढ्यान्‌पिढ्या कीर्तन-पुराण ऐकत आलेल्या मंडळींना हे नव्याने सांगावयास नको. परंतु श्रवण हे भाविकाचे साधन, ग्रंथकाराचे काम काय ते लेखणीचे, असा एक समज सुशिक्षितांत रूढ झालेला आहे. तो कितपत खरा आहे हे पाहण्यासाठी इंदूर येथे जन्मलेल्या एका विदुषीचे चरित्र फार उपयोगी पडते.

दुर्गाबाई भागवत यांचा जन्म इंदुरास १० फेब्रुवारी १९१० रोजी झाला. पुढील वर्षी तेथेच जन्मलेल्या त्यांच्या भगिनी कमलाबाई सोहोनी जीवरसायनशास्त्रात नामांकित झाल्या. दुर्गाबाईंचा ओढा प्राचीन वाङ्मयाकडे होता. प्रारंभीच्या बौद्ध धर्मातील न्यायविचारावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३९ साली निघाला. वरवर पाहता हे निव्वळ ग्रंथालयातले काम. पण ज्या विनयपिटकावर असा अभ्यास उभा राहतो, ते मुळात कानांवरून आलेले आहे. बुद्धाच्या निर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत उपालीने विनय म्हणून दाखविला आणि आनंदाने धर्म सांगितला, अशी परंपरा आहे. पाली सुत्तांचा प्रारंभ तर, हे असे ऐकण्यात आले आहे, या कबुलीनेच होतो. ‘मी रचले’ असे म्हणण्याची तेथे कोणास गरज वाटली नाही.

पुढे आदिवासी संस्कृतीच्या अभ्यासासाठी दुर्गाबाई मध्य प्रांताच्या जंगलांत हिंडल्या. पोथी पुन्हा उघडता येते, मागचे पान चाळता येते. सांगणारी म्हातारी मात्र एकदा उठून गेली की गेली. तिची भाषा वेगळी, विनोदाच्या जागा वेगळ्या. ती मध्येच थांबते ती विसरली म्हणून, की पुढचे परक्यापुढे बोलू नये म्हणून, हे ओळखावे लागते. घाईने प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा प्रश्नाजोगे उत्तर मिळते, आणि तेच तो मोठ्या समाधानाने टिपून घेतो. आज ध्वनिमुद्रणाची यंत्रे प्रत्येकाच्या खिशात आली आहेत. यंत्राने शब्द टिकतात यात शंका नाही; परंतु यंत्र चालू आहे म्हणून अभ्यासकाने मनाने अन्यत्र जावे, हा प्रकार वाढला आहे.

या हिंडण्याची किंमत दुर्गाबाईंना जबर मोजावी लागली. रानातील वनस्पतीची विषबाधा होऊन त्यांना दीर्घकाळ अंथरूण धरावे लागले. ऐन उमेदीची वर्षे गेली. विद्यापीठातील मानाची वाट तेथेच खुंटली, असे कोणी म्हणेल. पण १९५६ साली त्यांची दोन पुस्तके आली, ती पाहिली म्हणजे त्या वर्षांचा हिशेब वेगळा मांडावासा वाटतो. ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ हा शास्त्रीय ग्रंथ आणि ‘ऋतुचक्र’ हे बारा महिन्यांच्या निसर्गाचे ललित लेखन. पहिल्यात लोकांच्या तोंडी असलेले वाङ्मय, दुसऱ्यात झाडापाखरांचे. एकाच लेखणीतून ही दोन्ही उतरावीत याचे पुष्कळांना नवल वाटते. वास्तविक दोहोंमागचे लक्ष एकच आहे. थोरोच्या ‘वॉल्डन’चे मराठी भाषांतर त्यांनी करावे हेही त्याला धरूनच झाले. त्या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण तळ्याकाठी ऐकू येणाऱ्या आवाजांवर आहे.

१९६५ साली भारतीय जीवनातील कोड्यांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठी वाचकांत त्याची व्हावी तितकी चर्चा झाली नाही. कोडे, उखाणा, हुमाण यांना आपण पोरखेळ समजतो. पण अश्वमेधासारख्या यज्ञातही ऋत्विजांची कूटप्रश्नोत्तरे होत. आणि यक्षाचा प्रसंग तर सर्वांच्या परिचयाचा आहे. सरोवरातून आलेला आवाज चारही पांडवांनी ऐकला, परंतु तहानेपुढे त्याकडे लक्ष दिले नाही, आणि ते पडले. युधिष्ठिर थांबला. त्याच्या उत्तरांचे कौतुक आपण नेहमी करतो. तो आधी थांबला, याचे करीत नाही. महाभारत हा ग्रंथच सौतीने दुसऱ्याकडून ऐकून नैमिषारण्यात सांगितलेला आहे. त्यातील व्यक्तींवर दुर्गाबाईंनी ‘व्यासपर्व’ लिहिले ते १९६२ साली.

येथे एक शंका निघते. दुर्गाबाई बोलण्यात फटकळ होत्या, मतांच्या पक्क्या होत्या. असा माणूस चांगला श्रोता कसा? पण कान देणे म्हणजे मान डोलावणे नव्हे. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीचा उघड निषेध केला, आणि पुढे तुरुंगवासही भोगला. चोहीकडे पसरलेली शांतता ही समाधानाची नसून धाकाची आहे, हे त्यांना ऐकू आले होते. त्या वेळी अनेक कान मिटलेले होते, हे नमूद केलेच पाहिजे.

त्यांच्या ‘पैस’ या पुस्तकास १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते नाव नेवाशाच्या खांबावरून आलेले आहे. प्रवरेच्या काठी त्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतार्थ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, असे आपण मानतो. मराठीतील सर्वांत थोर ग्रंथाचा लेखनिक हा प्रथम श्रोता होता. ज्ञानेश्वरीत तर श्रोत्यांना पदोपदी विनवणी आहे, त्यांच्या अवधानाची मागणी आहे. त्या ओसाड खांबापाशी जाऊन एका विसाव्या शतकातील विदुषीला शिलालेखाचा काळ काढण्यापेक्षा त्यातील ऐसपैस विस्तार जाणवावा, यात तिच्या व्यासंगाची जात दिसते.

दुर्गाबाई ७ मे २००२ रोजी मुंबईत निवर्तल्या. त्यांच्या ग्रंथांच्या यादीत ‘खमंग’ हे पाकक्रियेचे पुस्तकही आहे. बौद्ध न्यायविचाराच्या शेजारी ते पाहून काहींना हसू येते. पण स्वयंपाकाची विद्या बहुतेक घरांत आजवर आजीच्या आणि सासूच्या तोंडीच राहिली आहे. आणि ‘अंदाजाने घाल’, ‘वास सुटला की उतरव’ या शब्दांचा नेमका अर्थ चुलीजवळ बसून ऐकल्यावाचून कोणाला लिहिता आलेला नाही.