बंदरामागील डोंगरी शहरें

रोमच्या वायव्येस सुमारें सत्तर किलोमीटरांवर चिवितावेक्किया नांवाचें बंदर आहे. भूमध्य समुद्रांत जलपर्यटन करणाऱ्या मोठमोठ्या बोटी येथून सुटतात. दूरदेशच्या प्रवाशानें बोटीच्या तारखेआधीं तीन-चार दिवस इटलींत येऊन राहणें शहाणपणाचें. कारण विमानास उशीर झाला म्हणून बोट थांबत नाहीं. हे मोकळे दिवस रोमच्या बाजारांत सहज निघून जातात. परंतु त्यांचा याहून चांगला उपयोग आहे. बंदराच्या पाठीमागच्या मुलुखांत ओर्व्हिएतो, चिविता दी बान्योरेज्यो आणि तार्क्विनिया हीं तीन प्राचीन शहरें डोंगरमाथ्यावर वसलेलीं आहेत.

माणसानें इतक्या उंचावर घर कां बांधावें, याचें उत्तर बंदराच्या नांवांतच आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभीं सम्राट त्राजन यानें हें बंदर बांधिलें. नवव्या शतकांत अरब हल्लेखोरांनीं तें उद्ध्वस्त केलें, तेव्हां इ. स. ८५४ मध्यें पोप चौथा लिओ यानें रहिवाशांसाठीं आंतल्या टेंकडीवर नवें नगर वसविलें. पुढें लोक पुन्हा किनाऱ्यावर परतले, आणि आपल्या मूळ जागेस ‘जुनें शहर’ म्हणूं लागले. चिवितावेक्किया या शब्दाचा अर्थ तोच. समुद्र पोट भरतो, पण वैऱ्यालाही वाट देतो. शिवाय किनाऱ्यालगतच्या दलदलींत हिवताप असे. डोंगर या दोहोंपासून जीव राखी, मात्र पाण्यासाठीं तळमळावयास लावी.

ही तळमळ पाहावयाची तर प्रथम ओर्व्हिएतोस जावें. रोमहून आगगाडीनें सव्वा-दीड तासांत तेथें पोंचतां येतें. स्टेशन पायथ्याशीं व शहर कड्यावर. मध्यें दोराच्या ओढीनें चालणारी छोटी गाडी आहे. इ. स. १८८८ मध्यें ती सुरू झाली तेव्हां वरच्या डब्यांत पाणी भरून त्याच्या भारानें खालचा डबा वर खेचीत. हल्लीं ती विजेवर चालते. इ. स. १२९० मध्यें आरंभिलेलें येथील काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचें भव्य देवालय प्रसिद्धच आहे. परंतु खरें नवल जमिनीच्या पोटांत आहे. इ. स. १५२७ मध्यें शत्रुसैन्यानें रोम लुटलें, तेव्हां पोप सातवा क्लेमेंट या शहराच्या आश्रयास आला. वेढा पडला तर पाणी कोठून आणावयाचें, या चिंतेनें त्यानें सांगाल्लो या स्थापत्यकाराकडून विहीर खोदविली. सुमारें त्रेपन्न मीटर खोल अशा या विहिरींत एकमेकांस न भेटणारे दोन नागमोडी जिने आहेत, आणि प्रत्येकास २४८ पायऱ्या आहेत. पाणी वाहणारीं गाढवें एकानें उतरत व दुसऱ्यानें चढत, म्हणून वाटेंत खोळंबा होत नसे. इ. स. १५३७ मध्यें काम पुरें झालें.

ज्या दगडांत ही विहीर खोदली, तो तुफा, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला मऊ दगड होय. तो कोरावयास सोपा. ओर्व्हिएतोखालीं बाराशेंहून अधिक गुहा आहेत. मात्र या दगडाखालीं चिकणमाती असते. पावसानें व ओढ्यांनीं ती वाहून गेली कीं वरचा कडा निराधार होऊन ढांसळतो. ओर्व्हिएतोचा कडा सांवरण्यासाठीं इ. स. १९७८ मध्यें इटलीच्या सरकारास खास कायदा करावा लागला.

हा क्षय किती पुढें जाऊं शकतो, तें ओर्व्हिएतोहून सुमारें वीस किलोमीटरांवरील चिविता दी बान्योरेज्यो येथें दिसतें. अडीच हजार वर्षांपूर्वीं एत्रुस्कन लोकांनीं वसविलेलें हें गांव आज एखाद्या बेटासारखें दरीच्या मध्यभागीं उभें आहे. इ. स. १६९५ च्या भूकंपानंतर बहुतेक लोक शेजारच्या वस्तींत गेले. संत बोनाव्हेंतुरा हा या गांवचा. त्याचें म्हणून सांगितलें जाणारें घर कड्याबरोबर बहुतांशीं दरींत गेलें आहे. इ. स. १९६५ मध्यें बांधलेल्या पादचारी पुलावांचून आज तेथें जाण्यास दुसरी सोईची वाट नाहीं. कायमचे रहिवासी मूठभर उरले आहेत, पाहुणे मात्र वर्षाकाठीं लाखांनीं येतात. इ. स. २०१३ पासून पुलावर प्रवेशशुल्क घेतात. ज्या उंचीनें गांवास शत्रूपासून वांचविलें, तिनेंच त्यास एकाकी केलें. आणि आज पाहुण्यांचा पैसा त्याला आधार देत आहे. परंतु पैशानें कडा सांवरतो, चूल पेटत नाहीं. चूल पेटवावयास कोणीतरी तेथें राहावें लागतें.

म्हणून प्रवाशानें घाईघाईनें पूल ओलांडून परतूं नये. आदल्या रात्रीं बान्योरेज्योस मुक्काम करावा, गर्दी येण्यापूर्वीं सकाळीं चालत जावें, आणि स्थानिक माणसाच्या हातचें जेवावें. परततांना बंदरापासून सुमारें वीस किलोमीटरांवर तार्क्विनिया लागतें. तेथील एत्रुस्कन थडग्यांच्या भिंतींवर मेजवान्या, नर्तक व मासे पकडणारे लोक रंगविलेले आहेत. तीं घरें केव्हांच नष्ट झालीं, रंग मात्र राहिले.

शेवटचा दिवस एवढ्याचसाठीं राखावा, आणि बोट सुटण्याच्या आदल्या संध्याकाळीं बंदरांत पोंचावें. मग त्या ‘जुन्या शहरा’च्या धक्क्यावर पाऊल टाकतांना, येथून एकदां डोंगराकडे पळालेल्या आणि पुन्हा परतलेल्या माणसांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं.