भोंगा नेमका का वाजतो?

मुंबईत घाटकोपर-मुलुंडला रुळांलगत राहणाऱ्यांची रात्र छोटीच असते. शेवटची लोकल मध्यरात्र उलटल्यावर जाते आणि पहाटे चारच्या सुमारास पहिली निघते. निवासी वस्तीत रात्री 10 ते सकाळी 6 आवाज 45 डेसिबलपर्यंतच असावा, असे ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम सांगतात. भोंगा ही मर्यादा सहज ओलांडतो आणि सगळा राग मोटरमनवर निघतो.

हा राग चुकीच्या माणसावर आहे. फाटकाच्या 600 मीटर आधी ‘सी/फा’ (सीटी/फाटक) अशी पिवळी पाटी असते, तिथे शिट्टी द्यावीच लागते. फाटक नसले तरी रुळांवर माणूस दिसला की मोटरमनने काय करावे? भरधाव लोकल थांबायला काहीशे मीटर लागतात.

कुकर सारख्या शिट्ट्या देऊ लागला, तर कुणी शिट्टी दाबून धरत नाही. गॅस बारीक करतात. रुळांवरची वर्दळ हाच तो गॅस. अंधेरी-बोरिवलीकडे भिंतीला भगदाड पडले की आच वाढते, पादचारी पूल लांब असला की आणखी वाढते. उपनगरी मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसे दगावतात. त्यांत मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा. दोन मिनिटे वाचवायला घरातली शहाणी माणसेही मुलांचा हात धरून रुळांत उतरतात, हे बरे नव्हे.

वडाळ्याला 2010 च्या सुमारास ‘फायनल माइल’ या संस्थेने एक प्रयोग केला. गाडीच्या वेगाचा अंदाज यावा म्हणून स्लीपर पिवळे रंगवले आणि एका लांब शिट्टीऐवजी दोन तुटक शिट्ट्या द्यायला सांगितल्या. मधल्या क्षणभराच्या शांततेमुळे कान लवकर टवकारतात. तिथले मृत्यू घटले. म्हणजे इशारा नेमका हवा. तो लांबलचक असण्याची गरज नाही.

तरी मूळ मुद्दा पुन्हा सांगायला हवा: वर्दळ हटली, तरच भोंगा कमी होईल. विक्रोळीला फाटकाऐवजी रुळांवरून जाणारा पूल 14 जून 2025 ला खुला झाला. असे पूल हवेत, सरकते जिने हवेत, आणि ते वापरणारी माणसेही हवीत.

पण तोवर भिंतीचे भगदाड बुजवायचे काम थांबायला नको. भिंत रेल्वेची, तिथवर जाणारी गल्ली महापालिकेची; दोघांनी एकाच दिवशी तिथे येऊन पाहणी करावी, आणि रहिवाशांनी त्यांना ती जागा दाखवावी.