संग्रहालयाचें छप्पर आणि अक्षयनीवी
(कल्याण येथें झालेल्या सभेंतील भाषण)



संग्रहालयासारखा विषय खेड्यांतल्या मास्तरांनीं कशाला बोलावा, असें कोणी म्हणेल. राजेरजवाड्यांच्या तलवारी कांचेंत ठेवल्या काय आणि न ठेवल्या काय, कुणब्या-आगऱ्यांच्या पोरांना त्याचें काय? आम्ही म्हणतों, पुष्कळ आहे. पोथ्या ज्यांच्या घरीं होत्या त्यांचा इतिहास पोथ्यांत राहिला. आमच्या वाडवडिलांचा इतिहास दगडावर, तांब्यावर आणि हत्यारांवर आहे. त्याला घर नसेल तर तो भंगारांत जातो.

कल्याणचेंच घ्या. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या सामिदत्त सोनारानें पाण्याचें टाकें दिलें, कल्याणच्याच नंद लोहारानें वाट करून दिली, असे लेख आहेत. लोहाराचें नांव दगडावर कोरलें गेलें, हें आमच्या किती मुलांस ठाऊक आहे? ठाण्याच्या किल्ल्यांत 1787 सालीं पाया खणतांना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके 939 चा ताम्रपट निघाला. त्याचें भाषांतर छापलें कलकत्त्यास. सोपाऱ्यास 1882 सालीं अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला. सोपारें तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें. तुकडा मुंबईच्या संग्रहालयांत आहे. तेथें तो नीट राहिला, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. पण 1890 सालीं गिरणीकामगारांस रविवारची सुट्टी मिळवून देणारे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे याच ठाण्यांत 1848 सालीं जन्मले. त्यांच्या चळवळीचा अभ्यास ठाण्याच्या मुलानें ठाण्यांत कोठें बसून करावा?

आतां पैशाचें बोलूं. संग्रहालयाची गोष्ट निघाली कीं आधीं कमान निघते, मग कारंजें, मग पाटीवरचीं नांवें. छप्पर, कोठार, याद्या आणि राखणदार यांचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. केंद्र सरकारच्या संग्रहालय-अनुदानांतून मंजूर खर्चाच्या शंभरांतले ऐंशी रुपयांपर्यंत मिळूं शकतात. घर उभें राहील. पण पुढें दरमहा दिव्याचें बील आणि पगार कोण देणार? ब्राझीलचें राष्ट्रीय संग्रहालय 2018 सालीं, आपल्या दोनशेव्या वर्षीं, जळून गेलें. दुरुस्तीचा पैसा वर्षानुवर्षें अपुरा पडत होता.

यावरचा उपाय परदेशांतून आणावयास नको. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा लेख आहे. त्यानें 3000 कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. 2000 दरमहा शेंकडा 1 व्याजानें, 1000 पाऊण व्याजानें. मुद्दलास हात लावावयाचा नाहीं, व्याज तेवढें वापरावयाचें. दोन हजारांचें वर्षाचें व्याज 240. वीस भिक्षूंस वस्त्रासाठीं प्रत्येकीं 12. चौथीच्या मुलानें गणित करून पाहावें, पै चुकत नाहीं. हिला अक्षयनीवी म्हणत. आणि ती सांभाळणारे कोण? सावकार नव्हेत, विणकर!

म्हणून ठाणें व कल्याण-डोंबिवलीच्या महानगरपालिकांकडे आमचें मागणें असें: बांधकामास जी रक्कम धराल तिच्या निदान चौथाईइतकी अक्षयनीवी निराळ्या खात्यांत ठेवा व व्याजाचा हिशेब दरसाल छापा. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा जीर्णोद्धार पालिका, इंटॅक व एक खाजगी प्रतिष्ठान यांच्या 2003 च्या कराराप्रमाणें झाला, आणि तें 2008 सालीं पुन्हां उघडलें. तसा करार येथेंही व्हावा. मात्र विश्वस्तांत आगरी, कोळी, कुणबी, वारली, कातकरी माणसें हवींतच. नाहीं तर वस्तु आमच्या आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला! कोठार तळमजल्यावर नको. 26 जुलै 2005 चें पाणी कल्याणकर विसरले नसतील. आणि अभ्यासाची खोली रविवारीं उघडी हवी. कामकऱ्यास तोच दिवस मोकळा.

शिक्षकबंधूंनो, घर होईपर्यंत थांबूं नका. शिवारांत वीरगळ असेल, गधेगळ असेल. मुलांकडून वहींत नोंद करवा: गांव, जागा, लांबीरुंदी, वर काय कोरलें आहे, लोक त्यास काय म्हणतात. दगड हलवूं नका. शेंदूर खरवडूं नका, आणि त्याची पूजा करणाऱ्या म्हातारीशीं वाद तर मुळींच घालूं नका. तिला विचाराल तर दोन गोष्टी जास्तच कळतील. वहीची एक प्रत शाळेंत ठेवा. दुसरी कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयास द्या; तें 1864 पासून चालत आलें आहे.